आधी हात धुवा

आमच्या दाराबाहेर एक नळ आहे, नळाजवळ साबण आहे आणि दारावर माझ्या अक्षरातली पाटी आहे. "सर्दी, खोकला, ताप, कांजिण्या, यांपैकी काहीही असेल तर कृपया खिडकीतून बोला. नसेल तर आधी हात धुवा, मग आत या." मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं. अक्षर सुवाच्य आहे, सूचना स्पष्ट आहेत. तरीही लोक पाटी वाचतात, बेल वाजवतात आणि नाक पुसत विचारतात, "आत येऊ ना?"

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत मला साबणवाली मॅडम म्हणतात. म्हणोत बापडे. कोरोनाच्या वेळी हीच माणसं भाजीची जुडीसुद्धा धुऊन घेत होती. तेव्हा भीती स्वतःच्या जिवाची होती. आता भीती फक्त माझ्या मुलीच्या जिवाची आहे, म्हणून साबण एकदम हसण्यावारी गेला.

माझी मुलगी यशोधरा, घरात यशू. वय सात. आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. आई आणि वडील, दोघांकडून एकच दोष वारशाने आला तर हा आजार होतो. आम्हा दोघांना स्वतःला कधी काही झालं नाही, त्यामुळे आपण काय वाहून नेतोय ते कळायला मार्ग नव्हता. यात मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी झिजत जातात. यशूचं डोकं तल्लख आहे, सतराचा पाढा म्हणताना ती माझी चूक काढते. ती टेकून बसते. उभी राहू शकत नाही. आणि तिला जोरात खोकता येत नाही.

हे शेवटचं वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून परत लिहिते. तिला जोरात खोकता येत नाही. तुम्हाला सर्दी झाली तर कफ तुम्ही खोकून टाकता. तिच्या छातीत तो तसाच बसून राहतो. तुमची तीन दिवसांची सर्दी म्हणजे तिचा आयसीयू.

या आजारावरच्या औषधांबद्दल मी इथे लिहिणार नाही. ती लढाई वेगळी आहे आणि तिच्याबद्दल बोलणारे बरेच आहेत. मी साबणाबद्दल लिहिणार आहे, कारण मला साबणाबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं.

"काळजी घ्या"

रिपोर्ट आला तेव्हा यशू चौदा महिन्यांची होती. डॉक्टरांनी कागद वाचला आणि बोलले ते माझ्या नवऱ्याशी, मिलिंदशी. मूल माझ्या मांडीवर होतं, तरी माझ्याकडे बघितलं नाही. "ही मुलं चालत नाहीत. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा छातीच्या इन्फेक्शननेच जातात. मनाची तयारी ठेवा."

मी विचारलं, "इन्फेक्शन होऊच नये म्हणून काय करायचं?"

"काळजी घ्या," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

आज सहा वर्षं होत आली, त्या दोन शब्दांचा राग अजून गेलेला नाही. कसली काळजी? कोणी घ्यायची? कधी, कशी? वर्गात पोराने गणित अडलं म्हणून हात वर केला आणि मी "नीट सोडव" एवढंच म्हणून पुढे गेले असते, तर मुख्याध्यापकांनी मला घरी पाठवलं असतं. या माणसाने मरण कुठल्या दाराने येणार ते सांगितलं आणि त्या दाराला कडी आहे हे सांगायचं राहून गेलं.

घरी आलो तर दुसराच पाढा सुरू. मिलिंदची थोरली बहीण, सिन्नरच्या कुंदाताई, फोनवर म्हणाल्या, "आमच्या घरात तर असं कुणाला नव्हतं बाई." दोघांचा दोष लागतो हे मी त्यांना वहीवर आकृती काढून दाखवलंय. त्यांनी माझ्या आकृतीचं कौतुक केलं आणि मत तेच ठेवलं.

दुसरा वाढदिवस

माणसं चाळीसेक होती. बुद्धवंदना झाली, केक कापला. कुंदाताई रुमालात नाक धरूनच आल्या होत्या. यशूला उचललं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला सर्दी आहे."

"आपलंच रक्त हे," त्या म्हणाल्या, "आपल्या माणसाचं काय लागतंय लेकराला?"

मग कुणीतरी तिला आडवं धरून खीर भरवली. मी बघितलं आणि पाहुण्यांसमोर काय बोलायचं म्हणून गप्प बसले. तीन दिवसांनी तिच्या ओठांचा रंग बदलला.

एकोणीस दिवस ती आयसीयूच्या काचेच्या खोलीत होती. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं भेट. हिरवा गाऊन, पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या. उरलेला वेळ बाहेरच्या बाकावर. मिलिंद कारखान्यातून सुटून थेट यायचा, डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. दोघांच्याही मनात एकच होतं आणि ते मोठ्याने म्हणायची दोघांचीही छाती होत नव्हती.

तिथे सटाण्याकडच्या एक सिस्टर होत्या. पहिल्याच दिवशी मी रडत आत शिरले तर त्यांनी मला बेसिनकडे वळवलं. "रडायचं नंतर. आधी हात धू. असे नाही, बोटांच्या मधे. अंगठा राहिला. सगळ्यांचा अंगठाच राहतो." मग माझ्या पाठीवर कोपर टेकवून म्हणाल्या, "पोर तुनी कडक शे. घाबरू नको."

आणि एक फिजिओथेरपिस्ट होती, विशीबाविशीची. तिने हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या कशा द्यायच्या, मूल श्वास सोडताना पोटावर नेमका केव्हा दाब द्यायचा, म्हणजे त्याच्या वाट्याचं खोकणं आपण कसं खोकायचं, ते शिकवलं. कफ ओढायचं मशीन घरी कसं वापरायचं ते शिकवलं. भरवायचं ते बसवूनच, हनुवटी किंचित खाली, घोट गिळल्याशिवाय दुसरा घोट नाही. दात रोज दोनदा, कारण तोंडातली घाणसुद्धा छातीत उतरते. लसी तिच्या, आणि घरातल्या प्रत्येकाच्या. फ्लूची दरवर्षी.

या दोघींना हे सांगायला मिळून एक तास लागला असेल. तो तास मला दहा महिने आधी मिळाला असता तर एकोणीस दिवस वाचले असते. हे पान वाचणाऱ्या आईबापांनो, तुम्हाला जर "काळजी घ्या" म्हणून घरी पाठवलं असेल तर उठा, परत जा आणि तो तास मागून घ्या.

कुणाच्या नावावर

लसी घ्यायला सरकारी दवाखान्यात गेले तर तिथे वेगळाच तमाशा. यशूची मान कलती बघून तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, अशा बाळांना आम्ही नाय देत. उद्या काही झालं तर आमच्या नावावर यायचं."

मी विचारलं, "लस न देता काही झालं तर ते कुणाच्या नावावर?"

त्याचा रकाना त्यांच्या रजिस्टरमध्ये नव्हता. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी आयसीयूच्या डॉक्टरांचं पत्र नेलं, त्यात चक्क लिहिलं होतं की या मुलीला लस इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे. ज्या लेकराला छत्रीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच म्हणायचं की तू भिजशील म्हणून तुला छत्री नाही.

आबा

माझे सासरे, आबा, सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होते. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहायचे. दाराबाहेरचा नळ त्यांनीच बसवला, स्वतःच्या हाताने, पाइपला दोरा गुंडाळून. यशूला बसवून भरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका वाटीला पाऊण तास लावायचे आणि त्या पाऊण तासात तिला बसच्या इंजिनाचे सगळे भाग पाठ करून घ्यायचे. फक्त फ्लूची लस म्हटलं की हात झटकायचे, "मला कधी सर्दी झाली का?"

चार वर्षं आयसीयूची पायरी चढावी लागली नाही. पाटी मात्र गेल्या पावसाळ्यात लागली, कारण तेच ते तोंडाने सांगून मी थकले होते.

पाटी लागून आठवडा झाला असेल. आबांचे बालमित्र किसनबाबा निफाडजवळच्या त्यांच्या गावाहून कणसांची पिशवी घेऊन आले. जिना चढतानाच त्यांचा खोकला ऐकू आला. मी दार अर्धवट उघडून सांगितलं, "बाबा, खिडकीपाशी बसा. आबा तिथून बोलतील." बाहेर स्टूल ठेवलं, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि मागे सरले. किसनबाबांनी तांब्याकडे बघितलं. पाणी प्याले नाहीत. दहा मिनिटं बोलले, कणसं पायरीवर ठेवली आणि गेले.

आबा खिडकीशी तसेच उभे होते. आवाज चढला नव्हता.

"माझ्या बापाला पाटलाच्या ओट्याखाली उभं करायचे. पाणी मागितलं तर वरून ओतायचे, ओंजळीत. तांब्या लागू नये म्हणून लय उंचावरून. मी पाह्यलंय ते, माझ्या डोळ्यानं. किसन बी होता संगं. ते दार सोडून मी शहरात आलो. आन् आज माझ्या घराच्या दारात माझ्या माणसाला उभं केलं तू."

"आबा, ते वेगळं होतं. हे यशूसाठी..."

"त्याला काय येगळं दिसलं असंल?"

उत्तर नसलं की माझी जीभ जास्तच धारदार होते, ही माझी जुनी खोड. मी म्हणाले, "तुम्हाला मान पाहिजे की नात पाहिजे, ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यशूला भरवलं, वाटी विसळून ठेवली, पिशवी घेतली आणि गावी गेले.

मिलिंद एवढंच म्हणाला, "तू बरोबर आहेस. पण तू बोललीस ते बरोबर नाही." मग तोही कमी बोलायला लागला. यशू रोज विचारायची, "आबांना सर्दी झाली का? म्हणून येत नाहीत का?" मला स्वतःची लाज वाटत होती आणि रागही येत होता. साबणासारखी साधी वस्तू, तीसुद्धा आमच्या वाट्याला साधी येऊ नये. इतरांच्या घरात हात धुणं म्हणजे नुसतं हात धुणं असतं.

शिबिर

डिसेंबरात यशूच्या दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपली. आजार जन्माचा, प्रमाणपत्र मात्र मुदतीचं. दर काही वर्षांनी आम्ही जाऊन सिद्ध करायचं की मुलगी अजूनही उभी राहिलेली नाही. ते नसेल तर चाकाच्या खुर्चीचा अर्ज अडतो, शाळेतली सवलत अडते.

तपासणीचं शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. मी आधी फोन केला, पत्र दिलं, जुने रिपोर्ट जोडले. उत्तर एकच, पेशंट समक्ष पाहिजे. गेलो. आत खुर्चीला खुर्ची लागलेली, खिडक्या बंद, चारी बाजूंनी खोकला. यशूला मास्क लावला होता, तो तिच्या श्वासाला जड होत होता. मी टेबलावरच्या माणसाला म्हटलं, "सर, हिला गर्दी चालत नाही. डॉक्टर दोन मिनिटं बाहेर गाडीपाशी येतील का?"

"मॅडम, इथं सगळेच आजारी आहेत. तुमचीच काय स्पेशल?"

आणि मी, साबणवाली मॅडम, काय म्हणाले असेन? म्हणाले, "बरं सर." वर हातही जोडले.

साडेतीन तास बसलो. आमच्या पुढचा माणूस सतत खोकत होता. डॉक्टरांनी त्याचे हात तपासले, मान तपासली आणि त्याच हातांनी यशूची हनुवटी उचलली. मी बघत होते. "हात धुवा" हे दोन शब्द मी दिवसातून वीसदा म्हणते, झोपेतसुद्धा म्हणत असेन. ते ओठांपर्यंत आले आणि मी गिळले. साहेब चिडले, दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी लिहिली तर? एवढं करून कळलं की एका कागदावर शिक्का नाही, पुढच्या शिबिराला परत या.

पाचव्या दिवशी यशू काचेच्या खोलीत होती.

त्या अकरा दिवसांत बाकावर बसून मी एकच गणित मांडत होते. खेड्यातून कणसं घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला दारात थांबवताना माझी जीभ सरसर चालली. खुर्चीवर बसलेल्या माणसापुढे तीच टाळ्याला चिकटली. माझा साबण ज्याच्यावर चालेल त्याच्यावरच चालत होता. आबांनी विचारलं होतं, त्याला काय वेगळं दिसलं असेल. काय दिसणार? हेच दिसलं असेल.

चौथ्या दिवशी आबा आले. मिलिंदने कळवलं होतं. माझ्याशी न बोलता ते सरळ बेसिनकडे गेले, बाह्या सारल्या आणि सटाण्याच्या सिस्टरसमोर हात धुतले, अंगठ्यासकट. दंड दाखवून म्हणाले, "टोचून बी घेतलंय. गावात घेतलं, पंधरा दिवस झाले." म्हणजे यशू आजारी पडायच्या आधीच. परत यायचंच होतं त्यांना, माझ्या फोनची वाट बघत होते. आणि मी फोन केला नव्हता.

ते बाकावर येऊन बसले तेव्हा मी शिबिराचं सगळं सांगितलं. म्हटलं, "चुकलं माझं, आबा. किसनबाबांना थांबवलं ते नाही चुकलं. त्यांना दोन शब्द समजावून सांगितले नाहीत, ते चुकलं. आणि साहेबाला थांबवलं नाही, ते तर फारच चुकलं."

आबा म्हणाले, "पाटी चांगली हाय. फक्त सगळ्यांला सारखी पाहिजे."

पुढचं शिबिर

यशू घरी आली. दोन महिन्यांनी परत तेच मंगल कार्यालय, परत तोच टेबलावरचा माणूस. यावेळी यशूला गाडीतच ठेवलं, काचा उघड्या, मिलिंद शेजारी. आबांच्या एका हातात पाण्याचा कॅन होता आणि खिशात, कागदात गुंडाळलेला, आमच्या नळावरचा साबण. नंबर लागेपर्यंत ते रांगेत उभे राहिले. मी त्यांच्या मागे.

"पेशंट कुठंय?"

"नात गाडीत हाय. साहेबांनी बाहेर यावं."

"आजोबा, इथं सगळेच..."

"सगळेच आजारी हायेत, मला दिसतंय. माझी नात स्पेशल नाय. तिला खोकता येत नाय. मागच्या टायमाला इथून गेली ती अकरा दिवस आयसीयूत पडली. आता आत आणायची नाय. आन् कागद घेतल्याबिगर मी या पायरीवरून हलायचा बी नाय."

यावेळी मीही तोंड उघडलं. आयसीयूचे कागद टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "सर, हे बघा, आणि कुणी जबाबदारी घ्यायची ते इथंच लिहून द्या." मागून एक बाई, जिच्या कडेवर तिचा दहा वर्षांचा मुलगा होता, म्हणाली, "जा की साहेब, दोन पावलं तर हाय." मग रांगेतून आणखी आवाज आले. आतल्या टेबलाचे डॉक्टर उठले. तरुण होते. चेहऱ्यावर वैताग होता, पण उठले.

गाडीपाशी येऊन त्यांनी यशूकडे हात नेला. आबा मधे आले.

"साहेब, आधी हात धुवा."

डॉक्टर थबकले. आजूबाजूला माणसं बघत होती. त्यांनी घड्याळ मागे सारलं आणि हात पुढे केले. आबांनी साबण दिला, कॅन उचलला आणि त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला लागले. कॅन खाली धरला होता, डॉक्टरांच्या हातांना टेकेल इतका. सावकाश ओतत होते, पाण्याची घाई नसल्यासारखे.

डॉक्टर हात झटकून वळणार, तेवढ्यात गाडीतून यशूचा आवाज आला. तिचा आवाज बारीक आहे, पण शांत असेल तर ऐकू येतो.

"आबा, त्यांचा अंगठा राहिला."

आबांनी कॅन परत उचलला. डॉक्टरांनी अंगठा धुतला.